उर्होशेजारची हिरवी जागा

डार्लीन सालमेलाला रिकामी जागा बघवत नाही. टेबलावर चार कप मांडले आणि माणसं तीनच आली, तर ती चौथा कप लगेच कपाटात ठेवते आणि उरलेले तीन एकमेकांजवळ सरकवते. चर्चमध्ये बाकावर मध्येच कुणाची जागा सुटली की ही मागून खांद्यावर बोट टोचते, "सरका की जरा!" नवरा गेला तेव्हा त्याची आरामखुर्ची तिने आठवडाभरात मुलीकडे धाडली. "रिकामी खुर्ची माझ्याकडे टक लावून बघते," म्हणाली. विणताना एक टाका सुटलेला दिसला तर बाई अर्धा स्वेटर उसवेल, पण भोक ठेवणार नाही.

मी तिला यावरून फार पिडलंय. रंताला टाऊनशिपच्या, म्हणजे आमच्या गावकारभाराच्या ऑफिसात आम्ही दोघंच असतो. ती क्लार्क. मतदारांच्या याद्या, कुत्र्यांचे परवाने आणि दफनभूमीतली कोणती जागा कुणाची, हे सगळं तिच्याकडे. मी हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ काढतो आणि बर्फ गेला की कबरी खणतो. पहिल्या कामात अख्खं गाव तक्रार करतं, दुसऱ्यात कुणीच करत नाही. म्हणून मला दुसरं काम आवडतं.

आमच्याकडे नोव्हेंबरात जमीन अशी गोठते की यंत्राचे दात तुटतात. थंडीत कुणी गेलं तर त्याला दफनभूमीच्या फाटकाजवळच्या दगडी खोलीत ठेवायचं. मे महिन्यात माती मऊ झाली की मग एकेकाला आपापल्या जागी. त्या वर्षी त्या खोलीत आमचा जुना क्लार्क आर्मस निवा पण होता. जानेवारीत गेला बिचारा. त्याच्या हाताखाली काम करणारी डार्लीन क्लार्क झाली, आणि खुर्चीत बसल्याबसल्या तिने पहिलं काम हातात घेतलं ते दफनभूमीचं.

आर्मसने सगळ्या कबरी एका जुन्या कॉम्प्युटरवरच्या फाईलमध्ये लिहून ठेवल्या होत्या. एका कबरीची एक ओळ. आधी कबरीचा नंबर, मग मरणाची तारीख, मग पुरलेल्याचं नाव आणि शेवटी ती जागा कुणी घेऊन ठेवली होती त्याचं नाव. दोन गोष्टींच्या मध्ये एक स्वल्पविराम. जुन्या एखाद्या कबरीची तारीख सापडली नाही तर तो 'अज्ञात' लिहायचा, पण कोरं सोडायचा नाही. कोरं सोडायचा फक्त जिवंत माणसांचं. जागा घेऊन ठेवली आहे पण माणूस अजून चालता-फिरता आहे, अशा ओळीत मरणाच्या तारखेपुढे तो साधी रेघसुद्धा ओढत नसे. "उगीच कशाला बोलवायचं?" म्हणायचा. त्यामुळे अशा ओळीत मध्ये काहीच नाही, नुसते स्वल्पविराम एकाला एक चिकटून.

टाऊनशिपने नवा प्रोग्राम घेतला होता. फाईल त्यात घातली की पडद्यावर चौकोनच चौकोन येतात. पुरलेली जागा लाल, कुणी घेऊन ठेवलेली पिवळी, मोकळी हिरवी. मार्चमधली दुपार होती. मी हीटरवर हातमोजे वाळवत बसलो होतो. डार्लीन चष्मा नाकावर आणून पडद्यात घुसली होती.

"अगं बाई, ही काय भोकं भोकं!" ती ओरडली.

मी वाकून बघितलं. फाईल आत घेण्याआधी प्रोग्राम नमुना दाखवतो, त्यात काही ओळींच्या मध्ये रिकामे रकाने होते. खाली एक छोटी चौकट होती आणि पुढे लिहिलं होतं, की लागोपाठ आलेले स्वल्पविराम एकच धरायचे का? डार्लीनने त्यात टिक केली. भोकं गेली. ओळी डावीकडे सरकून एकमेकांना बिलगून बसल्या.

"बघ आता! कसं नीट बसलं!" ती खूश झाली आणि बटण दाबून मोकळी झाली.

पडदाभर लाल आणि हिरवे चौकोन उमटले. मी म्हटलं, "वा, नाताळच आला की!" आम्ही दोघंही हसलो. कॉफी प्यालो.

मे महिन्यात मी खणायला लागलो. आर्मसला त्याच्या बायकोशेजारी ठेवलं. मग शिकागोकडच्या मिसेस ब्रॅडवेल आल्या. ही माणसं उन्हाळ्यात तलावाकाठच्या बंगल्यात राहायची, आणि वॉरन ब्रॅडवेल रिटायर झाल्यावर तर इथेच राहिले होते. फेब्रुवारीत ते गेले आणि तेही दगडी खोलीत थांबले होते. बाईंचं एकच म्हणणं होतं. वॉरनला तलाव दिसला पाहिजे.

तलाव दिसतो तो फक्त वरच्या ओळीतून, आणि ती ओळ तर लोकांनी कधीचीच घेऊन टाकलेली. पण डार्लीनने पडद्यावर बघितलं तर वरच्या ओळीत एक हिरवा चौकोन.

"नशीब काढलं बाईंनी," ती मला म्हणाली. "उर्हो केतोलाच्या शेजारी एक मोकळी आहे."

उर्हो माझ्या आधीच्या माणसाने पुरलेला. त्याच्या कबरीवर सैन्याने दिलेली पितळी पाटी आहे, जमिनीला लागून, फक्त त्याच्या नावाची. शेजारी गवत. मला सांगितलं तिथे मी खणतो. वॉरन ब्रॅडवेलना तिथे ठेवलं. बाई रडल्या, माझा हात हातात घेऊन थँक यू म्हणाल्या. चांगलं काम झालं असं वाटून मी घरी जाऊन मांस-बटाटा भरलेली पेस्टी खाल्ली आणि झोपलो.

मे संपता संपता मेमोरियल डे येतो. त्या दिवशी सगळं गाव कबरींवर फुलं ठेवायला येतं. उर्होची बायको हेल्मी दर वर्षी स्वतः लावलेली जिरेनियमची कुंडी घेऊन यायची. त्या वर्षी तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. नव्वदीला टेकलेली बाई, पण तोंड कसं तर कुऱ्हाड. तिने डार्लीनला घरी बोलावून कुंडी तिच्या हातात दिली. मी दफनभूमीत गवत कापत होतो. डार्लीन हसत हसतच आली.

"ऐकलंस का, रॉजर? मिसेस केतोला काय म्हणाल्या माहितीये? म्हणे, उर्होच्या डाव्या हाताला माझी जागा आहे, तिथे पाय देऊ नकोस हं, मला आत्तापासूनच गुदगुल्या होतील!"

मी यंत्र बंद केलं. डार्लीन दोन पावलं पुढे गेली आणि थांबली. उर्होच्या पाटीच्या उजव्या बाजूला त्याच्या आईचा दगड होता. डाव्या बाजूला मी घातलेली माती, अजून गवतसुद्धा उगवलेलं नव्हतं, आणि वर मिसेस ब्रॅडवेलनी ठेवलेला गुलाबांचा गुच्छ. डार्लीन कुंडी पोटाशी धरून उभी. मी काहीतरी बोललो असेन. तिला ऐकू आलं नाही.

तिने कुंडी उर्होच्या पाटीवर ठेवली, तीसुद्धा अगदी उजव्या कडेला, आणि तडक ऑफिसात गेली. मी मागोमाग गेलो. सुट्टीचा दिवस. तिने दिवा न लावताच आर्मसची मूळ फाईल उघडली, प्रोग्राममध्ये न घालता, नुसती. उर्होच्या खालची ओळ. नंबर, मग नुसते स्वल्पविराम, मग 'हेल्मी केतोला'. तिच्या त्या टिकमुळे ते स्वल्पविराम मिळून एक झाले होते आणि हेल्मीचं नाव सरकून मरणाच्या तारखेच्या रकान्यात गेलं होतं. ते काही तारीख नव्हतं, म्हणून प्रोग्रामने ते टाकून दिलं. पुढे पुरलेल्याचं नाव नाही, घेणाऱ्याचं नाव नाही. जागा हिरवी.

"सगळ्यांचं असंच झालंय," डार्लीन म्हणाली. आवाज कसनुसा झाला होता. "मेलेले सगळे जागच्या जागी आहेत, रॉजर. जिवंत तेवढे पुसले गेलेत." मग म्हणाली, "पिवळा एक चौकोन नव्हता. एकसुद्धा नव्हता! आणि आपण नाताळ म्हणून हसलो."

बाकीच्यांच्या जागांवर सुदैवाने अजून गवतच होतं. त्या ओळी तिने दोन दिवसांत हाताने एकेक करून नीट केल्या, आणि पडद्यावर पिवळे चौकोन उगवले. फक्त हेल्मीचा तेवढा लाल राहिला. वरच्या ओळीत दुसरी जागा नव्हती.

"सांगायला पाहिजे," मी म्हटलं.

"हो. मी सांगते. उद्या."

तो उद्या काही येईना. त्याऐवजी डार्लीनने हेल्मीच्या घरी जायला सुरुवात केली. वेलदोड्याचा पाव, ज्याला आम्ही निसू म्हणतो, तो भाजून न्यायची. कपडे धुवायची. खिडक्या पुसायची. हेल्मीच्या कुत्र्याची नखंसुद्धा कापून दिली तिने. मी दर शनिवारी हेल्मीच्या सौनासाठी, म्हणजे वाफेच्या न्हाणीसाठी, लाकडं टाकायला जायचो. एका शनिवारी म्हातारीने मला दारातच धरलं.

"खरं सांग, रॉजर. डॉक्टर डार्लीनला काही बोललाय का?"

"कशाबद्दल?"

"माझ्याबद्दल रे, अजून कुणाबद्दल! एवढा पाव तर मी बाळंतपणातसुद्धा खाल्ला नव्हता. मी मरायला टेकलेय आणि मलाच कुणी सांगत नाहीये, असंच ना?"

"छे हो, तुम्ही आम्हाला सगळ्यांना पोहोचवाल."

"ते तर आहेच," ती म्हणाली आणि निसूचा मोठा तुकडा माझ्या खिशात कोंबला. "घे, खा. मला ओकारी येते आता."

मी डार्लीनला हे सांगितलं. वाटलं हसेल. ती वळून फाईलींच्या कपाटाकडे तोंड करून उभी राहिली. तिचा अपराधीपणा असा आतून पोखरत होता, आणि मला मात्र तिचा राग येत होता. सांगून टाक ना एकदाचं! पण ती रोज सकाळी ठरवायची आणि हेल्मीचा चेहरा बघितला की जीभ उचलायची नाही.

आधी दुसरा काही मार्ग निघतो का म्हणून ती मिसेस ब्रॅडवेलकडे गेली. वॉरनना उचलून दुसरीकडे हलवायचं तर त्यांची सही लागणार होती. बाई व्हरांड्यात बसल्या होत्या. डार्लीनने तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "तुम्ही ती जागा शोधून दिलीत, तेव्हापासून मला झोप लागते हो." डार्लीन लिंबू सरबत पिऊन परत आली.

मग तिने टाऊनशिपचा प्रमुख ग्लेन याला सांगितलं. ग्लेन मूळचा वाईट माणूस नाही, पण निवडणूक जवळ आली की त्याचा कणा लिबलिबीत होतो.

"तिचं वय काय आता?" त्याने विचारलं. "तशी वेळ आली की बघू. त्या वेळी तिला काय कळणार आहे, शेजारी कोण आहे ते? आणि चूक प्रोग्रामची आहे. तसं लिहून ठेव, म्हणजे झालं."

"प्रोग्रामने विचारलं होतं, ग्लेन."

"काय?"

"त्याने विचारलं होतं. मी न वाचता हो म्हटलं. मला ती भोकं दिसायला वाईट दिसत होती म्हणून."

ग्लेनने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

सप्टेंबरअखेर हेल्मीचा खुबा चांगला झाला. काठी टेकत ती घरभर फिरायला लागली. एका शनिवारी मी लाकडं रचत होतो, डार्लीन आत भांडी घासत होती, आणि हेल्मीने जाहीर केलं, "उद्या मला उर्होकडे न्या. बर्फ पडायच्या आत एकदा बघून येते, माझ्या जागेवर तण माजलं असेल."

भांडं पडल्याचा आवाज आला. मी लाकडं टाकून आत गेलो. डार्लीनचे हात कोपरापर्यंत साबणाने भरलेले. तशीच ती हेल्मीसमोर खुर्चीवर बसली.

"मिसेस केतोला, तुमच्या जागेवर मी दुसऱ्या माणसाला पुरलंय."

एवढं बोलली आणि मग सगळं सांगितलं. फाईल, स्वल्पविराम, टिक, हिरवा चौकोन. मध्ये रडली नाही, कुणाला दोष दिला नाही, माझं नावसुद्धा घेतलं नाही, खरं तर खणलं मी होतं. हेल्मी टेबलावरच्या पावाकडे बघत ऐकत होती.

"म्हणजे हे," तिने पावाकडे बोट दाखवलं, "मेपासून हे त्यासाठी होतं?"

"हो."

"मला वाटलं, मी आवडायला लागले तुला."

डार्लीनने मान खाली घातली. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

हेल्मीने पाव बाजूला सारला. मग म्हणाली, "उर्होचा उजवा कान युद्धात गेला होता. तोफेजवळ होता तो. लग्नाच्या पहिल्या रात्री मी त्याच्या उजवीकडे झोपले आणि रात्रभर बडबडत बसले. सकाळी म्हणतो कसा, 'तू फार शांत मुलगी आहेस.'" ती हसली. "तेव्हापासून मी डावीकडे. कायम. त्याची आई उजवीकडे पुरली तेव्हा मी म्हटलं, बरं झालं, तिचं त्याने आयुष्यात कधी ऐकलं नाहीच. आता त्याच्या चांगल्या कानाशी कोण? शिकागोचा माणूस!"

"आम्ही त्यांना हलवू," मी म्हटलं. "कोर्टात जाऊ. परवानगी काढू."

"त्याची बायको काय म्हणते?"

डार्लीनने सांगितलं, "त्यांना आता झोप लागते म्हणाल्या."

"मग गप बसा. झोपलेल्याला उठवायचं नाही, आणि त्याच्या बायकोला तर मुळीच नाही. त्याने माझं काय वाकडं केलंय? केलंय ते तू."

"हो," डार्लीन म्हणाली.

मग तिने चाचरत दुसरा मार्ग सांगितला. आमच्या दफनभूमीचा नियम आहे की एका कबरीत एक पेटी, आणि तिच्यावर राखेचा एक डबा ठेवता येतो. हेल्मीला चालत असेल तर उर्होच्याच कबरीत, अगदी त्याच्याजवळ. पण मग...

"जाळायचं?" हेल्मीचा आवाज एकदम बारीक झाला. "आमच्यात जाळत नाहीत. माझी आई, आजी, कुणालाच नाही. मला आगीत नाही जायचं." आणि मग ओरडली, "जा दोघं! तो पाव पण घेऊन जा!"

पुढच्या टाऊनशिपच्या सभेत डार्लीन सगळ्या गावासमोर उभी राहिली आणि जसं घडलं तसं बोलली. ग्लेनने मध्येच "कॉम्प्युटरची गडबड" असं पुटपुटून बघितलं. तिने त्याला बसवलं. राजीनामा दिला, तो कुणी घेतला नाही, कारण ते काम करायला दुसरं कुणी तयार नव्हतं. लोक तिला येऊन म्हणत, "अगं, होतं असं." ते ऐकून ती आणखीच आक्रसायची. ज्या एका माणसाने तसं म्हणायला हवं होतं ते म्हणत नव्हतं, आणि डार्लीनला ते मागायची हिंमतही नव्हती. तिने हेल्मीकडे जायचं बंद केलं. जायला तोंडच नव्हतं.

नोव्हेंबरात पहिला मोठा बर्फ झाला. त्या शनिवारी मी लाकडं घेऊन गेलो तर हेल्मी सौनाच्या पुढच्या छोट्या खोलीत बसली होती, कोट घालून.

"डार्लीनला घेऊन ये."

"काय सांगू तिला?"

"तुला काय करायचंय? घेऊन ये म्हटलं ना!"

घेऊन आलो. डार्लीन दारातच उभी राहिली, बूट काढू की नको अशा विचारात. हेल्मीने तिला बाकावर आपल्या शेजारी बसायची खूण केली. शेगडीचं लोखंडी दार उघडं होतं. आत बर्चची लाकडं फुलली होती. मी कोपऱ्यात ओंडके रचत राहिलो, कारण मला कुणी जा म्हटलं नाही.

हेल्मी आगीकडे बघत होती. मग हळूच, एखाद्या लहान पोरीसारखं तिने विचारलं, "दुखतं का गं?"

मी ओंडका हातात धरून तसाच थांबलो. दुसरं कुणीही असतं तर पटकन म्हणालं असतं, नाही हो, मेलेल्याला कसलं दुखणं! डार्लीनने तसं म्हटलं नाही. डोळे भरून आले होते तिचे.

"मला माहीत नाही, मिसेस केतोला," ती म्हणाली. "न माहीत असताना मी हो-नाही म्हणणार नाही आता. पण मी तिथे थांबेन. सगळं होईपर्यंत. तुम्हाला एकटं सोडणार नाही."

हेल्मीने मान हलवली. "थांब," म्हणाली. "थांबायलाच पाहिजेस तू." आणि जरा वेळाने, "डबा त्याच्या डाव्या कानाशी ठेवा. नाहीतर पुन्हा मला शांत मुलगी म्हणायचा." माफ केलं असं ती म्हणाली नाही. फक्त शेगडीचं दार लोटलं आणि म्हणाली, "पुढच्या शनिवारी निसू आण. कमी गोड."

हेल्मी गेली फेब्रुवारीत, झोपेत. शहरातल्या दहनगृहापर्यंत मीच नेलं, बर्फ काढायच्या ट्रकने पुढे रस्ता करत. मागे पेटीची गाडी. डार्लीन माझ्या शेजारी बसली होती, आरशातून मागची गाडी बघत. तिथला माणूस चांगला होता. म्हणाला, "वेळ लागेल हो. इथे कुणी थांबत नाही. पलीकडे कॉफी चांगली मिळते."

"मी थांबणार आहे," डार्लीन म्हणाली.

खुर्ची नव्हती. ती कोट पसरून भिंतीशी खाली बसली. दार लागलं. आत घरघर सुरू झाली. डार्लीन भिंतीला हात लावून बसली होती, आणि मध्येच अगदी स्पष्ट आवाजात म्हणाली, "दुखतंय का हो, मिसेस केतोला?" उत्तर कुठलं येणार! ती परत थोड्या वेळाने विचारायची. मी बाहेर गेलो नाही. ती उठेपर्यंत आम्ही दोघंही तिथेच होतो.

जमीन गोठलेली. डबा मेपर्यंत ठेवायचा तर दगडी खोलीत ठेवायची पद्धत. डार्लीनने नेऊ दिला नाही. तिच्या स्वयंपाकघरात खिडकीजवळच्या फळीवर तिने तो ठेवला, आणि त्या खिडकीशी, नवऱ्याची आरामखुर्ची असायची तिथे, एक खुर्ची आणून ठेवली. त्या खुर्चीवर कुणी बसत नाही. मी कॉफीला गेलो की टेबलावर तीन कप असतात.

मेमध्ये मी यंत्र नेलं नाही. फावड्याने खणलं. उर्होच्या पाटीच्या डाव्या कडेला, डोकं जिथे असेल त्या अंदाजाने. मिसेस ब्रॅडवेलही आल्या होत्या. सभेनंतर त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी आपल्या वॉरनच्या कबरीवरचे गुलाब उचलून दुसऱ्या कडेला सरकवले, जागा करून दिली. त्यांचेही डोळे लाल होते.

डार्लीन ओल्या मातीत पोटावर आडवी झाली आणि दोन्ही हातांनी डबा आत ठेवला. हात बाहेर काढेचना. मी तिला उठवायला वाकलो.

"इथून ऐकू जाईल ना त्याला, रॉजर?" तिने विचारलं.

"जाईल की."

"तुला नक्की माहितीये?"

मी फावडं खाली ठेवलं. ती मातीत तशीच पडून माझ्याकडे बघत होती, उत्तरासाठी.

"नाही," मी म्हटलं.

तिने मान हलवली, डबा अजून थोडा डावीकडे, कानाच्या बाजूला सरकवला, आणि मग हात बाहेर काढले.